पाळणा नंबर दोनची कॅसेट

बाळीवेशीतल्या वीरभद्रप्पाकडं मिक्सर दुरुस्तीला टाकायचा म्हणजे आधी उलटतपासणीला उभं राहावं लागतं. हा याआधी कुणी उघडला होता? आत पाणी कुणी सांडलं? खरं सांगताय ना? गिऱ्हाईक म्हणतं, अहो, चालता चालता आपोआप बंद पडला. वीरभद्रप्पा चष्म्यावरून बघतो. "आपोआप काय बी बंद पडत न्हाय. कुणीतरी पाडतंय की." मग तो मिक्सर उघडतो आणि आतल्या मोटरीवर, स्विचवर, अगदी मोटरीतल्या नखाएवढ्या कार्बनवरसुद्धा लाल नेलपॉलिशचा एकेक ठिपका देतो. उद्या कुणी दुसरीकडची जळकी मोटर आणून 'ही तुम्हीच बसवली' म्हणायला नको. गेल्या वीस वर्षांत असं कुणी एकदाही म्हटलेलं नाही. पण त्याचं श्रेय तो ठिपक्याला देतो, लोकांच्या चांगुलपणाला नाही.

नेलपॉलिश आणायला तो स्वतः जातो आणि दर वेळी वेगळ्या दुकानात जातो. साठीला आलेला, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेला माणूस एकाच दुकानातून सारखं नेलपॉलिश नेतोय म्हटल्यावर लोक काय काय जोडतील, याची त्याला खात्री आहे. बायको सिद्धेश्वरी म्हणते, "तुमी देवाच्या प्रसादाला बी विचाराल, कुटनं आलास म्हणून." तो यावर हसत नाही. प्रसाद कुठून आला हे विचारण्यात चूक काय, असं त्याला मनापासून वाटतं.

अशा माणसाला यंदा एक नवीनच संशय लागला होता. सन दोन हजारच्या आगेमागे गाजलेली अल्बमची गाणी अचानक परत आली होती. चहाच्या गाड्यावर तीच, रिक्षात तीच, समोरच्या झेरॉक्सवाल्याच्या मोबाइलमध्येही तीच. एका मंगल कार्यालयाबाहेर तर ऑर्केस्ट्राचा फलकच लागला होता. पोट सुटलेले, केस काळे केलेले लोक माना डोलावत म्हणायचे, "काय गाणी व्हती राव! आता तसलं न्हाय." वीरभद्रप्पाला चांगलं आठवत होतं, हेच लोक तेव्हा या गाण्यांना आठ दिवसांचा माल म्हणायचे. पंचवीस वर्षांनी सगळ्यांना एकदम पान्हा फुटला म्हणजे यामागं कुणाचा तरी फायदा आहे. कुणाचा, ते अजून त्याला सापडलेलं नव्हतं.

त्या गाण्यांबद्दल बोलायचा अधिकार मात्र त्याच्याइतका गावात कुणाला नव्हता, कारण बाळीवेस ते सात रस्ता एवढ्या टापूत ती गाणी त्यानंच पोचवली होती. आजचं मिक्सरचं दुकान तेव्हा 'श्री वीरभद्र रेकॉर्डिंग' होतं. कोरी कॅसेट आणायची, आवडीच्या गाण्यांची चिठ्ठी द्यायची आणि तिसऱ्या दिवशी भरलेली कॅसेट घेऊन जायची. हा धंदा कायद्यात बसत नव्हता. ते देणाऱ्याला माहीत होतं, घेणाऱ्यालाही होतं. त्यामुळं खरी मशिनं मागच्या खोलीत असायची, आणि त्या खोलीला बोळात उघडणारं एक निळं दार होतं.

चिठ्ठ्या एकेक नमुनेदार असायच्या. 'ती घोगऱ्या आवाजाची बाई, जीपमधून जाते ते.' 'पंजाबी, ढोल जास्त असलेलं.' 'इंग्लिश, चार-पाच पोरं, रडकं.' वीरभद्रप्पा चिठ्ठीकडं बघून वैतागायचा. चिठ्ठी ओळखायचा तो नवनाथ.

नवनाथ शिवशरण बुधवार पेठेतला. आयटीआयला दोघं एका बाकावर होते. पुढं नवनाथ एसटीच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन म्हणून लागला. पण ड्युटी सुटली की खाकी कपड्यांतच सायकल बोळात लावून निळ्या दारानं आत यायचा आणि कानाला हेडफोन लावून बसायचा. कुणी नुसती दोन ओळींची शीळ घातली तरी तो गाणं सांगायचा. कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. गिऱ्हाइकाची गाणी संपून शेवटी चार-पाच मिनिटं उरली, की तिथं एक भरीचं गाणं टाकायची पद्धत होती, म्हणजे गिऱ्हाइकाला पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. ते भरीचं गाणं नवनाथ निवडायचा. आणि गंमत अशी, की पुढच्या वेळी गिऱ्हाईक चिठ्ठीत पहिलं नाव त्याच गाण्याचं लिहून आणायचं. वीरभद्रप्पा तेव्हाही संशयी होताच. गिऱ्हाइकावर, समोरच्या दुकानावर, पोस्टमनवरसुद्धा त्याचा डोळा असायचा. नवनाथवर मात्र नव्हता. तेवढी एक जागा त्यानं मोकळी ठेवली होती.

ती जागा दोन हजार एकच्या जानेवारीत गेली.

गड्ड्याची यात्रा भरली होती. सिद्धेश्वराच्या यात्रेत मैदानावर पाळणे, मौत का कुआँ, खेळण्यांची दुकानं लागतात, आणि प्रत्येकाला कर्ण्यावर लावायला नवीन गाणी लागतात. वीरभद्रप्पाला श्वास घ्यायला सवड नव्हती. त्या वर्षी तो गड्ड्याकडं फिरकलासुद्धा नाही, मागच्या खोलीतच बसून होता. एका दुपारी निळं दार धाडकन उघडलं आणि नवनाथ आत आला. घामानं निथळत होता, सायकल बाहेर आडवी पडलेली.

"वीरू, आवर. सगळा माल हलव, लगेच."

"का? कुणी सांगितलं तुला?"

"अरं, गड्ड्यात—"

"तुला कसं ठाऊक म्हणतो मी!"

तेवढ्यात पुढं जीप थांबली. पण पुढच्या शटरला कुणी हातही लावला नाही. पोलीस आणि कॅसेट कंपनीची दोन माणसं, कुणाला एक शब्द न विचारता, सरळ बोळात वळून निळ्या दारानं आत आली. कॅसेट भरायचे डबल डेक गेले, पेट्यांनी कॅसेट गेल्या. सहा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. दुकानासाठी नवी जागा घ्यायचं ठरलं होतं, ते बारगळलं आणि रेकॉर्डिंगचा मालक मिक्सरच्या भांड्यात येऊन बसला.

निळं दार कुणाला माहीत होतं? आणि धाड येणार हे आधी कुणाला कळलं होतं? दोन्ही प्रश्नांचं उत्तर वीरभद्रप्पाला एकच मिळालं. सिद्धेश्वरी तेव्हाच म्हणाली होती, "ते दार तुमच्या पुतण्याला, गुरुराजला बी ठाऊक हाय. त्याला का विचारत न्हाय?" तो म्हणाला, "तो घरचा हाय." विषय तिथं संपला.

त्याच संध्याकाळी नवनाथ परत आला. पायरीखाली उभा राहिला, एक हात खिशात. काहीतरी काढायच्या बेतात होता. वीरभद्रप्पानं त्याला तोंड उघडू दिलं नाही. "तुमच्या लोकांना घरात घेतलं, ताटाला ताट लावून जेवलो, हीच माझी चूक." गल्ली ऐकत होती. नवनाथ त्याच्याकडं बघत राहिला. मग खिशातला हात रिकामाच बाहेर काढून, सायकल हातात धरून चालत गेला. बसून गेला नाही, चालत गेला. त्यानंतर पंचवीस वर्षांत दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. वीरभद्रप्पाला आपलं ते वाक्य अधूनमधून आठवायचं. मग तो स्वतःलाच सांगायचा, बोलणं वाईट होतं, पण संशय खरा होता. एवढ्या एका आधारावर तो उभा होता.

आणि यंदा, थंडी ओसरता ओसरता, एका शनिवारी दुकानात एक मुलगी आली. पंचविशीची असेल, गळ्यात चिंचोळीच्या एमआयडीसीतल्या कुठल्याशा कंपनीचं ओळखपत्र, हातात मिक्सर नाही की इस्त्री नाही.

"काका, तुमच्याकडं चालू टेप आहे म्हणून कळलं."

वीरभद्रप्पाच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर थांबला. एक डेक त्याच्याकडं होता. धाडीच्या दिवशी तो घरी दुरुस्तीला उघडून ठेवला होता म्हणून वाचला. उशीच्या अभ्र्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलेला, वर्षातून एकदा खाली काढून, तेल देऊन पुन्हा वर. ही गोष्ट सिद्धेश्वरीखेरीज कुणाला माहीत नव्हती, असं तो समजत होता.

"कुणी सांगितलं?"

"कन्ना चौकात एक रेडिओवाले आहेत, ते म्हणाले असला तर तुमच्याकडंच असेल." तिनं पर्समधून रुमालात बांधलेली कॅसेट काढली. "जुनी पॉप गाणी आहेत यात. पेन ड्राइव्हवर घ्यायची आहेत."

आली, वीरभद्रप्पा मनात म्हणाला. कॅसेट कंपनीचीच असणार. आधी गाणी परत आणायची, मग जुनी कॅसेट घेऊन मुलगी पाठवायची आणि टेप चालू केला की धरायचं. केस जुनी होते, कायदा म्हातारा होत नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

"नाव सांगा. पूर्ण. पत्ता बी." त्यानं वही पुढं ओढली.

"बुद्धप्रिया नवनाथ शिवशरण. बुधवार पेठ."

पेन कागदावर टेकलं ते हललंच नाही. त्यानं तिच्याकडं नीट पाहिलं. कपाळ तसंच होतं, रुंद. तिला मात्र काहीच माहीत नसावं. ती आपली सांगत होती, बाबा या महिन्यात एसटीतून रिटायर होतायत, पुढच्या रविवारी घरी कार्यक्रम आहे, ही कॅसेट त्यांनी इतकी वर्षं कपाटात जपून ठेवलीय, त्यांना न सांगता ती गाणी लावायची आहेत. कव्हरावर या दुकानाचा शिक्का आहे, म्हणून रेडिओवाल्यानं पत्ता सांगितला.

"त्यांना न सांगता," वीरभद्रप्पा म्हणाला.

"हो. सरप्राइज."

त्याचा काडीइतका विश्वास बसला नाही. नवनाथनंच पाठवलंय. पण कशासाठी? "ठिऊन जा. शुक्रवारी ये," तो म्हणाला.

ती गेल्यावर त्यानं रुमाल सोडला. कॅसेट त्याचीच होती, शिक्काही त्याचाच. पण शिक्क्याखाली बॉलपेननं, तिसऱ्याच कुणाच्या तरी गिचमिड अक्षरात लिहिलं होतं, 'पाळणा नं. २'.

सोमवारी दुपारी जेवणं झाल्यावर त्यानं शटर अर्धं खाली ओढलं, डेक अभ्र्यातून काढला आणि कॅसेट आत टाकली. काय ऐकायचं हे ठरलेलं नव्हतं. नवनाथनं यात काहीतरी ठेवलं असणार, शिवी किंवा निरोप, ते शोधायचं होतं. त्यामुळं त्यानं गाणी ऐकली ती पहारेकऱ्यासारखी.

पहिलं गाणं सुरू झालं आणि तो चपापला. एवढं बारीक? तेव्हा तर छातीत धडधड व्हायची. तबल्याच्या जागी डबा वाजवल्यासारखं ते मशीन, मध्येच 'हे हे' करणारी पोरं, लंडनहून कालच उतरल्यासारखं हिंदी. त्याला हसू आलं. हे विकत होतो आपण. दुसरं लागलं. तिसऱ्याला त्याचा अंगठा टेबलावर ठेका धरायला लागला, आणि लक्षात येताच त्यानं तो मुठीत घातला. चौथ्या गाण्यातल्या मुलीचा आवाज कापरा होता. तेव्हा तो म्हणाला होता, हिला गाता येत नाही. नवनाथ म्हणाला होता, येत न्हाय म्हणूनच खरं वाटतंय, वीरू. आज ते ऐकताना त्याला पटलं. एवढ्या वर्षांत कुणाचं म्हणणं त्याला पटलं नव्हतं, आणि पटलं तेव्हा म्हणणारा समोर नव्हता. त्याचे डोळे भरून आले. मग लगेच त्यानं ते पुसले, कारण रडवण्यासाठीच पाठवलेली असेल तर?

ए साइड संपली. तिच्यात गाण्यांखेरीज काहीच नव्हतं. बी साइडही तशीच सरकत गेली, एकामागून एक गाजलेलं गाणं. शेवटचं गाणं संपलं आणि टेपची नुसती खरखर राहिली. दुसरा कुणी असता तर त्यानं इथं बटण दाबलं असतं. पण संशयी माणूस कोरी टेपही ऐकतो. आणि त्याला खटकलं ते हे, की इथं जागा उरली असताना भरीचं गाणं का नाही? एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. मग खरखरीतून एक तरणाबांड, ठसक्यातला आवाज आला.

"सावधान! ही कॅसेट बाळीवेशीतल्या श्री वीरभद्र रेकॉर्डिंगमध्ये भरलेली आहे. तुम्ही ती दुसरीकडून घेतली असेल, तर तो चोरीचा माल आहे. अस्सल कॅसेट फक्त आमच्याकडे. पुढचं शटर बंद असेल, तर बोळातल्या निळ्या दारानं आत या."

आवाज त्याचाच होता.

त्यानं कॅसेट मागं घेतली, पुन्हा ऐकली. आणि मग हळूहळू, जुना मिक्सर उघडल्यावर आतली घाण दिसत जावी तसं, सगळं दिसत गेलं. त्या जानेवारीत त्याला दाट संशय होता, की समोरचा दुकानदार त्याच्या भरलेल्या कॅसेटवरून नकला मारतोय. त्याला पकडायला त्यानं ही युक्ती केली होती. यात्रेसाठी भरलेल्या कॅसेटमध्ये नवनाथला न सांगता भरीचं गाणं टाळलं आणि शेवटी, दोन मिनिटं कोरी सोडून, आपला आवाज घातला. गाणी ऐकणारा शेवटच्या गाण्याला कॅसेट उलटतो, त्याला हे कधीच कळणार नाही. नक्कल करणाऱ्याचं मशीन मात्र पूर्ण बाजू उचलतं, त्याच्या मालात हा आवाज जाईल आणि तो फसेल. काय हुशारी! धाडीत दुकानातल्या बाकीच्या कॅसेट गेल्या, आणि त्यांच्याबरोबर ती हुशारीही तो विसरून गेला.

पण पाळणावाल्याकडं ऑटो रिव्हर्सचा डेक होता. तो शेवटच्या गाण्याला थांबत नाही. कोरी टेपसुद्धा शेवटपर्यंत वाजवतो आणि मग आपली आपण बाजू बदलतो. तो डेक पाळण्याला बसवून कुणी दिला होता? वीरभद्रप्पानं. "आता उलटायला माणूस नको," असं वर सांगितलंही होतं. म्हणजे त्या आठवड्यात दर दीड तासाला, यात्रेच्या ऐन गर्दीत, चार कर्ण्यांवरून त्याचाच आवाज त्याच्या चोरधंद्याचा पत्ता गावाला सांगत होता. निळ्या दारासकट. काखेत कळसा आणि गावाला वळसा, पण हा वळसा पंचवीस वर्षांचा झाला होता.

"अरं, गड्ड्यात—" म्हणाला होता नवनाथ. आणि संध्याकाळी खिशात हात होता, त्यात पाळणावाल्याकडून काढून आणलेली हीच कॅसेट होती.

वीरभद्रप्पा स्टुलावर बसून राहिला. तेव्हाचा संशय त्यानं पुन्हा तपासून पाहिला. दार माहीत असणारे दोघं होते, गुरुराज आणि नवनाथ. एकाला त्यानं विचारलंही नाही, दुसऱ्याला विचारण्याआधीच शिक्षा दिली. का? याचं उत्तर त्याला ठाऊक होतं. ते त्यानं स्वतःच त्या संध्याकाळी गल्लीला ओरडून सांगितलं होतं. त्याला स्वतःची किळस आली.

पण खोड जात नाही. मंगळवारी त्याच्या डोक्यात आलं, शेवटचा हा आवाज कापून टाकला तर? मुलीला गाण्यांशी मतलब. कुणाला कळणार आहे? कात्री आणि चिकटपट्टी त्यानं काढूनही ठेवली. बुधवारी आलं, नवनाथनं मुद्दाम चारचौघांत ऐकवून आपली जिरवायला हा बेत केला असेल तर? सिद्धेश्वरीला त्यानं जेवताना सगळं सांगितलं. ती भाकरी मोडता मोडता थांबली, आणि पंचवीस वर्षांपूर्वीचं वाक्य ती आता परत म्हणणार म्हणून त्यानं मान खाली घातली. ती म्हणाली नाही. नुसती शेंगाचटणीची वाटी त्याच्याकडं सरकवली. ते जास्त लागलं.

शुक्रवारी कंपनी सुटल्यावर बुद्धप्रिया आली. कात्री अजून टेबलावर होती, कॅसेट तिच्या शेजारी, अजून अखंड.

"झालं का काका?"

"एक विचारतो, खरं सांग. बाबांनी पाठवलं ना तुला?"

"नाही हो! त्यांना कळलं तर उलट ओरडतील." ती हसली. "ही कॅसेट ते कुणाला हात लावू देत नाहीत. घरचा टेप चालू होता तेव्हा कधीतरी स्वतः लावायचे. आई भाकरी करत ऐकायची, मी नाचायचे. पण बी साइडचं शेवटचं गाणं आलं, की ते टेपजवळ येऊन उभेच राहायचे. गाणं संपलं की लगेच बंद. मी म्हणायचे, अजून टेप शिल्लक आहे, वाजू द्या की. तर म्हणायचे, पुढं एकाची अब्रू हाय, ती वाजवायची नसती."

वीरभद्रप्पानं चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं बराच वेळ पुसला.

"काका? पेन ड्राइव्ह?"

"झालं न्हाय ते." त्यानं कात्री ड्रॉवरमध्ये टाकली. "मशीनच घेऊन येतो मी. रविवारी किती वाजता म्हणालीस?"

रविवारी दुपारी बारा वाजता, पांढरं धोतर, विभूती आणि उशीच्या अभ्र्यातला डेक असा तो बुधवार पेठेत रिक्षातून उतरला. घरापुढं मांडव होता. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींना ताजे हार होते, वर्कशॉपमधली माणसं खुर्च्यांवर बसली होती. कुणी कुणी त्याला ओळखलं. नवनाथ दारात उभा होता. केस सगळे पांढरे झाले होते. त्यानं वीरभद्रप्पाकडं पाहिलं, मग त्याच्या हातातल्या अभ्र्याकडं, मग मुलीकडं. बुद्धप्रियाचा चेहरा उतरला, कारण आपण काहीतरी भलतंच करून बसलोय हे तिला तेव्हा कळलं.

"ये," नवनाथ म्हणाला. तेवढंच.

डेक लागला. पहिल्या गाण्याला लोक हसले, दुसऱ्याला म्हणायला लागले, आणि चौथ्याला एक निवृत्त कंडक्टर दोन्ही हात वर करून नाचायला लागला. आज वीरभद्रप्पाला त्यात कुणाचा फायदा आहे ते शोधायचं सुचलं नाही. तो भिंतीला टेकून फक्त नवनाथकडं बघत होता. बी साइड लागली. शेवटचं गाणं आलं तसा नवनाथ गर्दीतून वाट काढत डेकजवळ आला. गाणं संपलं. त्याचं बोट बटणाकडं गेलं.

वीरभद्रप्पानं त्याच्या हातावर हात ठेवला. "राहू दे. वाजू दे."

"वीरू, नको."

"वाजू दे म्हणतो मी."

दोन मिनिटं नुसती खरखर. लोक एकमेकांकडं बघायला लागले. दोन मिनिटं इतकी मोठी असतात हे ती कोरी सोडताना वीरभद्रप्पाला कळलं नव्हतं. वायर हाताशी होती, ओढली तरी चाललं असतं. त्यानं हात मागं बांधले. मग 'सावधान!' आलं, आणि त्या ठसक्याला मांडव खो खो हसला. निळ्या दारापर्यंत येईतो काहीजण पोट धरून होते.

"कुणाचा ओ हा आवाज?" कुणीतरी विचारलं.

"माझा," वीरभद्रप्पा म्हणाला. हसणं हळूहळू थांबलं. "ह्या आवाजानं माझ्याकडं पोलीस आणलं. आणि मी नाव घेतलं ह्याचं. नुसतं नाव घेतलं न्हाय, माझ्या दारात उभं करून ह्याच्या जातीवर बोललो. गल्ली ऐकत व्हती. म्हणून आज तुमच्या गल्लीत सांगतो. ह्यानं काय केलं नव्हतं. हा मला वाचवायला आला व्हता."

नवनाथच्या बायकोनं तोंडाला पदर लावला. नवनाथनं डेक बंद केला, कॅसेट काढली आणि हातात धरून उभा राहिला. माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि वीरभद्रप्पानंही माफी मागितली नाही.

"त्या दिवशी तू 'गड्ड्यात' म्हणालास," वीरभद्रप्पा म्हणाला. "पुढचं मी बोलू दिलं न्हाय. आता सांग."

नवनाथनं एक खुर्ची स्वतःसाठी ओढली आणि दुसरी पायानं त्याच्याकडं सरकवली.

"गड्ड्यात," तो म्हणाला, "मी पाळण्याखाली उभा व्हतो..." आणि वीरभद्रप्पानं आयुष्यात पहिल्यांदाच मध्ये एकही प्रश्न न विचारता शेवटपर्यंत ऐकून घेतलं.